माया ठेवा: ब्लाऊज शिवणाऱ्या बाईंच्या स्तन-पुनर्बांधणीचं प्रकरण

बाई आल्या त्या दोन पिशव्या घेऊन. एकीत फाईल आणि स्कॅनच्या फिल्म होत्या; ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. दुसरीतून कापडाची एक पुरचुंडी काढली आणि माझ्याकडे न बघता सिस्टरांच्या हातात दिली. अस्तराच्या कापडाची, कडेनं बारीक हातशिलाई घातलेली, एका अंगानं चपटी आणि दुसऱ्या अंगानं फुगीर. आत मोहरी होती.

"आधी कापूस भरला होता," त्या सिस्टरांना सांगत होत्या, "पण तो हलका. दुपारपर्यंत गळ्याशी चढायचा. तांदूळ टोचतात. मोहरी बरी, जागच्या जागी बसते. फक्त उन्हाळ्यात घामानं वास मारते."

सिस्टरांनी ती काट्यावर ठेवली. ३१० ग्रॅम. काढलेल्या डाव्या स्तनाचं वजन रिपोर्टात ६४० ग्रॅम लिहिलेलं होतं. मी तो आकडा वाचून दाखवला तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. "पुऱ्या वजनाची शिवली होती. पट्टा तेवढं पेलत नाही. मान धरते."

वय ४६, सातारा जिल्ह्यातलं गाव, धंदा ब्लाऊज शिवण्याचा, बावीस वर्षं. ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत, आणि हे लिहायला त्यांची हरकत नाही. "नाव सोडून काय पण लिहा," असं म्हणाल्या.

काय होऊन गेलं होतं

२०२१ च्या सुरुवातीला गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. लग्नसराई तोंडावर होती आणि शिवणकाम करणाऱ्या बाईला लग्नसराईत आजारी पडणं परवडत नाही, म्हणून तीन महिने त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. तपासणी झाली तेव्हा गाठ सहा सेंटिमीटरची होती. पूर्ण स्तन आणि काखेतल्या ग्रंथी काढल्या. १६ पैकी ३ ग्रंथींत कॅन्सर सापडला. मग केमोचे आठ डोस, मग तीन आठवड्यांत पंधरा वेळा रेडिएशनचे शेक, आणि गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी असल्यामुळे रोज टॅमॉक्सिफेनची गोळी. उपचारांत बोट ठेवायला जागा नव्हती. वेळेवर झाले, नीट झाले.

पण एवढ्या जाडजूड फाईलमध्ये पुनर्बांधणी हा शब्द एकदाही नव्हता. 'करता येईल' असंही नाही आणि 'करू नये' असंही नाही.

भारतातल्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवीन रुग्ण सापडले. आमच्या ओपीडीत येणाऱ्या बायकांना मी नेहमी विचारतो, पुनर्बांधणी करता येते हे तुम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितलं? डॉक्टरांनी, हे उत्तर फार क्वचित येतं. शेजारीण, बहिणीची नणंद, मुलीचा मोबाईल. या बाईंचं उत्तर मात्र मी आजवर ऐकलेल्यांत सर्वांत वेगळं होतं.

त्यांच्याकडे एक गिऱ्हाईक आलं होतं. पाठ बंद हवी म्हणाली. तरणी बाई, आजकाल मोठा गळा नि मागे नाड्या सोडून बंद पाठ कोण मागतं? माप घेताना टेप पाठीवरून फिरला आणि बोटाला व्रणाची आडवी रेघ लागली. पुढे आल्यावर छातीचं माप घेतलं, तेव्हा एका बाजूचा हात वेगळा लागला, 'घट्ट पण खरा'. बाईंनी टेप खाली ठेवला, पदर बाजूला केला आणि आपली पुरचुंडी दाखवली. दोघी अर्धा तास बोलत बसल्या. त्या गिऱ्हाइकाच्या पाठीचा स्नायू आणि कातडी पुढे आणून स्तन केलेला होता. ब्लाऊजचे पैसे बाईंनी घेतले नाहीत.

एक गोष्ट कबूल करतो. त्यांना २०२१ सालीच विचारलं असतं, तरी पुनर्बांधणी त्याच वेळी झाली नसती. गाठ मोठी, ग्रंथींत आजार, शेक द्यावे लागणार हे दिसतच होतं. अशा वेळी पोटाची कातडी आणून बसवायची आणि मग तिच्यावर शेक घ्यायचे, यापेक्षा शेक संपून सहा महिने ते वर्ष जाऊ देणं बरेच सर्जन पसंत करतात. म्हणजे तारीख कदाचित थोडीच अलीकडे आली असती. पण पुढे काहीतरी करता येणार आहे हे माहीत असताना मोहरीची पुरचुंडी शिवणं आणि आता आयुष्यभर हेच म्हणून ती शिवणं, यांत फरक आहे.

आटलेलं कापड

त्यांना हवं काय होतं, हे मी पहिल्या भेटीत नीट ऐकलं नाही. मी पर्याय सांगायला लागलो. ती आमची खोड आहे.

पहिला पर्याय सिलिकॉनचा. अमेरिकेत ह्यूस्टनला क्रोनिन आणि गेरो या सर्जननी १९६२ साली पहिल्यांदा तो बसवला. ऑपरेशन लहान, पोटा-पाठीवर नवा व्रण नाही. पण शेक घेतलेल्या छातीवर तो त्रास देतो: भोवतीचं आवरण आवळत जातं, आकार बिघडतो, दुखतं, कधी जखमच उघडते. मी हे सांगत असताना बाईंनी ब्लाऊजच्या कडेतून दोन बोटं घालून आपल्या छातीची कातडी चिमटीत धरायचा प्रयत्न केला. आली नाही.

"हे कापड आटलंय, डॉक्टर. ताणून शिवलं तर उसवणार."

मी विद्यार्थ्यांना हाच मुद्दा सांगायला अर्धा तास घेतो.

दुसरा पर्याय पाठीचा, त्या गिऱ्हाइकाचा. १९०६ साली तान्सिनी नावाच्या इटालियन सर्जननं तो वापरला होता. मग जग विसरलं आणि १९७० च्या दशकात पुन्हा उचलला. भरवशाचं ऑपरेशन आहे आणि जिथं सूक्ष्मदर्शकाची सोय नाही तिथं मी तोच सुचवेन. पण यांची पाठ बारीक, आणि उजवा स्तन मोठा. पाठीतून तेवढं भरणार नव्हतं. शिवाय कापड सरकवायला डावा हात लागतो, त्या खांद्याचा स्नायू त्यांना द्यायचा नव्हता.

राहिलं पोट. दोन बाळंतपणांनंतरचं, बेंबीखालचं, सैल. पोटाची कातडी आणि चरबी वर नेण्याची पद्धत अमेरिकेतल्या हार्ट्राम्पनं १९८२ मध्ये प्रसिद्ध केली, पण तीत पोटाचा उभा स्नायूही जायचा आणि पुढे पोट फुगायचं, हर्निया व्हायचा. आता आपण स्नायू जागेवर ठेवतो. त्याच्या तंतूंमधून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तेवढ्या सोडवून घेतो, त्यांच्यासकट कातडी-चरबी सुटी करतो आणि छातीतल्या वाहिन्यांना जोडतो. जपानच्या कोशिमा यांनी १९८९ मध्ये अशा फ्लॅपची, म्हणजे रक्तवाहिनीसकट उचललेल्या कातडी-चरबीच्या तुकड्याची, वाट दाखवली. स्तनासाठी ती रूढ केली न्यू ऑर्लीन्सच्या अ‍ॅलन यांनी. डीप फ्लॅप म्हणतात तो हाच.

फ्लॅप म्हणजे काय हे सांगताना मी पुण्याची गोष्ट सांगतोच, मला राहवत नाही. टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेकडे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी गडी १७९२ मध्ये पकडला गेला. त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याकडच्या एका कारागिरानं कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवीन नाक करून दिलं. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचं वर्णन छापून आलं. युरोपातल्या सर्जननी ते वाचूनच हा प्रयोग पुन्हा सुरू केला. त्या कारागिराचं कसब कातडी कापण्यात नव्हतं. कपाळाच्या मुळाशी त्यानं देठ तोडला नाही, रक्त चालू ठेवलं, ते कसब. आम्ही देठ तोडतो आणि दुसरीकडे जोडतो, एवढंच पुढे गेलो आहोत.

"म्हणजे बाही जोडायची," त्या म्हणाल्या, "पण आत दोरा चालू पाहिजे."

घर, कंपनी, मिश्री

पुढच्या खेपेला मालक बरोबर आले. त्यांचा एकच प्रश्न होता: यानं पुन्हा उठणार तर नाही ना? नाही. पुनर्बांधणीनं कॅन्सर परतण्याची शक्यता वाढत नाही, आणि परतलाच तर तो शोधण्यात अडचणही येत नाही. थोरल्या जाऊबाईंचा प्रश्न फोनवरून आला होता, 'आता या वयात कशाला?' त्याला मी उत्तर दिलं नाही, बाईंनीच दिलं. वाकून कापड बेतताना पुरचुंडी पुढे येते, एसटीत गर्दीत हात आडवा धरून उभं राहावं लागतं, गिऱ्हाईक माप देताना माझ्याच छातीकडे बघतं. "वयाचा काय संबंध?"

विम्याचं रडगाणं छोटं आहे, पण उपयोगी आहे म्हणून सांगतो. मालकांच्या नोकरीतून कुटुंबाचा विमा होता. आगाऊ मंजुरीचा अर्ज 'सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया' असा शेरा मारून परत आला. विमा नियामकानं पॉलिसींतल्या वगळण्याच्या अटी एकसारख्या केल्या आहेत. त्यांतल्या आठव्या अटीत कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळली आहे खरी, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना त्यातून स्पष्ट बाजूला काढली आहे. ते वाक्य जसंच्या तसं उतरवून, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट जोडून आम्ही पुन्हा पाठवलं. मंजूर झालं. पहिल्या नकारावर किती जणी घरी जात असतील, याचा विचार मी करत नाही.

आता माझी चूक. ऑपरेशनपूर्व तपासणीत मी विचारलं होतं, "विडी-सिगारेट? तंबाखू खाता?" उत्तर नाही. मी नाही लिहिलं आणि तारीख दिली. ऑपरेशनच्या आदल्या सकाळी सिस्टर खाटेजवळची टेबलं आवरत होत्या, तेव्हा टूथपेस्टच्या मागे पत्र्याची लहान डबी सापडली. मिश्री. सकाळी एकदा, दुपारच्या जेवणावर एकदा, लग्न होऊन आल्यापासून.

बाई खोटं बोलल्या नव्हत्या. मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू आहे, तंबाखू खाणं नव्हे. पण भाजलेल्या तंबाखूतलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातंच आणि बारीक वाहिन्या आवळतं. ज्या ऑपरेशनचा सगळा डोलारा दोन-अडीच मिलिमीटरच्या वाहिनीवर उभा आहे, तिथं ते चालणार नाही. तारीख सहा आठवडे पुढे ढकलली. त्या रडल्या नाहीत, चिडल्या. "तेव्हाच विचारायचं होतं, मिश्री लावता का म्हणून." बरोबर होतं. आता माझ्या फॉर्मवर मिश्री आणि तपकीर हे दोन शब्द वेगळे छापलेले आहेत.

सोडताना त्यांची खरी अडचण तलफ नव्हती. मिश्रीशिवाय पोट साफ होत नव्हतं. इसबगोल दिलं. दुपारची मिश्री दहा दिवसांत सुटली, सकाळची सुटायला जवळजवळ महिना गेला. या मधल्या काळात पोटाचा सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, झाला. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचा जुना व्रण आड येत नाही हे दिसलं, डाव्या अंगाला दोन चांगल्या वाहिन्या मिळाल्या. कॅन्सरच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासून आजार कुठे नाही हे पाहिलं. रक्ताच्या गुठळीचा धोका नको म्हणून त्यांच्याच सल्ल्यानं टॅमॉक्सिफेन दोन आठवडे आधी थांबवली.

आखणी आणि रात्र

आखणी आदल्या संध्याकाळी करतात, पेशंटला उभं करून. मी मार्करनं पोटावर मोठी मासोळी आखली, छातीवर खालची घडी आखायला घेतली.

"थांबा. माझा भार डाव्या पायावर आहे. माप चुकेल." त्यांनी दोन्ही पाय सारखे केले, खांदे सोडले. "आता घ्या."

रेघ पाव इंच खाली आली.

मग पोटाकडे बघून म्हणाल्या, "डॉक्टर, काठोकाठ बेतू नका. माया ठेवा."

शिवणात आत सोडलेलं जादा कापड, पुढे सैल करायला लागलं तर हाताशी असावं म्हणून, त्याला शिंपी माया म्हणतात. आमच्यातही तशी रीत आहे. फ्लॅप उचलताना कातडीखालची एक वरवरची शीर सहसा बांधून टाकता येते, तिची गरज नसते. पण आम्ही ती चांगली पाच-सहा सेंटिमीटर लांब सोडवून क्लिप लावून ठेवतो. बाईंनी सांगितलं म्हणून नव्हे, नेहमीच ठेवतो.

सकाळी साडेआठला सुरुवात. तिसऱ्या बरगडीची कूर्चा काढून छातीतली धमनी आणि शीर मोकळी केली. शेकामुळे तिथं सगळं एकमेकांना चिकटलेलं, तासाचं काम दोन तासांवर गेलं. धमनी सूक्ष्मदर्शकाखाली केसाच्या निम्म्याहून बारीक दोऱ्यानं, आठ टाक्यांत जोडली. शीर अडीच मिलिमीटरच्या कडीनं. चिमटे सोडले, कातडी गुलाबी झाली. पोट शिवलं, बेंबी नव्या जागी काढली. सहा वाजता बाहेर.

पहिले दोन दिवस दर तासाला फ्लॅप बघायचा असतो: रंग, ऊब, बोटानं दाबून सोडल्यावर रंग किती वेळात परततो. पांढरा आणि गार पडला तर धमनी गेली. जांभळा, फुगलेला आणि दाबल्यावर झटकन भरणारा दिसला तर शीर तुंबली: रक्त येतंय, पण जायला वाट नाही.

रात्री दोन चाळीसला सिस्टरांचा फोन. "सर, एकला बरा होता. आता खालची कड वांग्यासारखी दिसतेय. सुई टोचली तर रक्त काळं येतंय." यापेक्षा नेमकं निदान मी स्वतः केलं नसतं. साडेतीनला आम्ही पुन्हा थिएटरमध्ये होतो. जोडलेल्या शिरेला पीळ पडून आत गुठळी झाली होती. गुठळी काढली, जोड नव्यानं केला. रंग सुधारला, पण पुरता नाही. बाहेरची कड तशीच निळी. मग राखून ठेवलेली ती वरवरची शीर क्लिप काढून छातीतल्या दुसऱ्या शिरेला जोडली. दहा मिनिटांत कड उतरली.

माझ्याबरोबरच्या ज्युनियर डॉक्टरांनी आदल्या संध्याकाळची आखणी पाहिली होती. मास्कमागून त्या एवढंच म्हणाल्या, "माया होती म्हणून."

चांगल्या केंद्रांतही शंभरातले दोन-तीन फ्लॅप वाचत नाहीत. हा कोणत्या बाजूला पडेल ते पहाटे पाचपर्यंत ठरलं नव्हतं, हे बाईंना मी दुसऱ्या दिवशी स्पष्ट सांगितलं. त्यांनी विचारलं, जोडाला आता पीळ नाही ना. नाही म्हटलं.

जे त्यांना नको होतं

आठव्या दिवशी घरी. सहा आठवडे पोटाचा पट्टा, हंडा-कळशी बंद, मशीन बंद. पायाच्या मशीनला त्यांनी याच काळात मोटर बसवून घेतली. पोटाच्या टाक्यांच्या मध्यावर बोटभर जखम उघडली होती, ती ड्रेसिंगवर महिन्यात भरली. पोटामुळे पहिले पंधरा दिवस कमरेत वाकून चालावं लागतं. याचा त्रास त्यांना छातीपेक्षा जास्त झाला, आणि हे आपण आधी पुरेसं सांगत नाही.

पाच महिन्यांनी मी पुढचा टप्पा काढला. फ्लॅपच्याच कातडीचं स्तनाग्र करता येतं, भोवतीचा गडद भाग गोंदून काढता येतो. उजवा स्तन थोडा मोठा आणि खाली आहे, तो उचलून दोन्ही सारखे करता येतील. अमेरिकेत १९९८ च्या कायद्यानं विमा कंपन्यांना दुसऱ्या बाजूचा हा खर्चही द्यावा लागतो, इतका तो उपचाराचा भाग मानतात. मी फोटो दाखवले.

त्यांनी सगळे नीट पाहिले. मग स्वतःचा टेप काढला, ब्लाऊजवरूनच दोन्ही बाजूंचं माप घेतलं. "अर्ध्या इंचाचा फरक. डावीकडचा टक्स वर घेते, काम झालं. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांची दोन्ही बाजू सारखी नसते, त्यांना काय कॅन्सर झालाय?" आणि स्तनाग्राला नको म्हणाल्या. ब्लाऊजच्या आतलं त्यांना पुरेसं होतं.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या हिशोबात हे प्रकरण दोन-तृतीयांश झालं होतं. परिषदेत दाखवायला शेवटचा फोटो नव्हता. पहिल्या भेटीत पर्याय सांगायच्या आधी त्यांना काय हवंय हे विचारलं असतं, तर तेव्हाच कळलं असतं: बाहेरून माप हवं होतं, आणि वाकल्यावर जागचं हलायला नको होतं. तेवढं झालं होतं. काहींना स्तनाग्राशिवाय चैन पडत नाही, त्यांच्यासाठी तो टप्पा तितकाच खरा आहे.

ऑपरेशनला आता दोन वर्षं झाली. टॅमॉक्सिफेन चालू आहे, उजव्या स्तनाची मॅमोग्राफी दरवर्षी होते, डाव्या हातावर रक्तदाब मोजू देत नाहीत. पोट बेंबीखाली किंचित फुगीर आहे, हर्निया नाही.

नव्या स्तनाला स्पर्श बहुतेक कळत नाही, कडेकडेनं थोडा येतो. गरम पाण्याची पिशवी लावू नका, हे मी डिस्चार्जच्या कागदावर लिहून दिलं होतं. इस्त्रीचं लिहिलं नव्हतं. गेल्या दिवाळीआधी त्या गिऱ्हाइकाच्या बाहीला इस्त्री करायला टेबलावर ओणवल्या, पलीकडचं कापड ओढायला हात लांब केला आणि इस्त्रीची कड छातीला टेकली. कळलंच नाही. वास आला तेव्हा खाली पाहिलं. रुपयाएवढं भाजलं होतं, तीन आठवड्यांत भरलं, आणि भरल्यावरच त्यांनी मला दाखवलं.

मी रागावलो. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "खणाचा होता हो ब्लाऊज. नवा."